घराण्यात कॅन्सर असेल तर जनुकीय तपासणी: कुणी करावी, कधी करावी, आणि कुणाकुणाला सांगावं?

सुरंगी

नमस्कार मंडळी. माझं माहेर गुहागर तालुक्यात, सासर चिपळूणजवळ. धागा लांबला आहे, पण तुकड्यांत लिहिला तर अर्धाच पोचेल, म्हणून एकदम टाकते.

माझ्या धाकट्या बहिणीला ओव्हरीचा कॅन्सर निघाला. टाटाला ऑपरेशन आणि केमोबरोबरच तिची जनुकीय तपासणीही सांगितली. साधं रक्त घेतात, बाकी काही नाही. रिपोर्टमध्ये बीआरसीए-१ या जनुकात बिघाड निघाला. तिथे सगळे त्याला ‘ब्राका पॉझिटिव्ह’ म्हणतात. मग समुपदेशक बाईंनी कोरा कागद पुढे ओढला आणि तीन पिढ्यांची माणसं मांडायला घेतली: कोण कशाने गेलं, कितव्या वर्षी गेलं.

तिथे आमची पंचाईत झाली. आमच्या भावकीची वंशावळ चांगली लिहून ठेवलेली आहे, नऊ पिढ्यांची. पण तिच्यात एकाही बाईचं नाव नाही. लग्न करून दापोलीला, राजापूरला, मुंबईला गेलेल्या आत्या आणि त्यांच्या मुली कागदावर कुठेच नाहीत. नेमकी त्यांचीच माहिती हवी होती. फोन करकरून कळलं की मोठी आत्या चाळिशीत ‘पोटात पाणी होऊन’ गेली, आणि वडिलांच्या चुलतबहिणीचं स्तनाचं ऑपरेशन झालं होतं. आम्ही इतकी वर्षं आईकडचं बघत होतो. बिघाड वडिलांकडून आलेला. वडील स्वतः ऐंशी वर्षं ठणठणीत जगले.

अनेकांना हे माहीत नसतं म्हणून ठळकपणे लिहिते. हे बिघडलेलं जनुक बाईकडे असतं तसं पुरुषाकडेही असतं, आणि दोघांकडूनही मुलगा असो की मुलगी, प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. मामाकडचा इतिहास जितका महत्त्वाचा तितकाच आत्याकडचा.

आकडे सांगते. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या बाईला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ७२ टक्के आणि ओव्हरीचा ४४ टक्के. बीआरसीए-२ या दुसऱ्या जनुकात बिघाड असेल तर ६९ आणि १७. हे आकडे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातले आहेत. तो अभ्यास बहुतांशी पाश्चात्त्य घराण्यांवरचा आहे, म्हणून आपल्याकडे ते तंतोतंत लागू होतील असं धरू नये. पण सर्वसामान्य बाईला ओव्हरीचा कॅन्सर होण्याची शक्यता शंभरात एक-दीड असते, त्याशेजारी हे ४४ ठेवून बघा. आणि पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर झाला असं नाही, होणारच असंही नाही.

बहिणीला तपासणीचा थेट फायदा झाला. ब्राका असलेल्यांना ओलापॅरिब नावाच्या गोळ्या चालतात, केमोनंतर तिला त्या सुरू केल्या. अमेरिकेत त्यांना २०१४ साली मान्यता मिळाली.

मग माझा नंबर. मी तपासणी केली, पॉझिटिव्ह निघाले. माझं वय पंचेचाळिशीच्या पुढे, मुलं मोठी. ओव्हरी आणि नळ्या काढून घेतल्या, कारण ओव्हरीचा कॅन्सर वेळेत पकडणारी तपासणी आजही नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांवर सोनोग्राफी आणि सीए-१२५ रक्ततपासणीचा प्रयोग झाला. २०२१ साली त्याचा निष्कर्ष आला: त्यातून मृत्यू कमी झाले नाहीत. म्हणून ‘दरवर्षी सोनोग्राफी करत राहू’ हा पर्याय मला पटला नाही. या ऑपरेशनने ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका साधारण ८० टक्क्यांनी उतरतो. त्याची किंमतही सांगते, कारण ती कुणी आधी सांगत नाही. पाळी हळूहळू जाते तशी जात नाही, एका दिवसात जाते. अंगाची आग, झोप उडणं, हाडांची चिंता, नवराबायकोच्या नात्यातला कोरडेपणा, हे सगळं एकदम येतं. तिशीतल्या मुलीला हा सल्ला देताना दहादा विचार करायला हवा. स्तनांचं ऑपरेशन मी केलं नाही, दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करते. अँजेलिना जोलीने २०१३ साली स्तनांचं ऑपरेशन केल्याचं जाहीर केलं, तिच्या घराण्यात बीआरसीए-१ होतं. तिचा निर्णय तिच्यासाठी बरोबर. तोच माझ्यासाठी बरोबर असायला हवा असं नाही, आणि तसं मला डॉक्टरांनीही सांगितलं.

आता ज्यासाठी धागा काढला ते. बहिणीचा रिपोर्ट हा सामाईक सातबाऱ्यासारखा आहे, नाव एकाचं पुढे असलं तरी हिस्सा सगळ्यांचा. पण घराण्यात सांगायला गेले तर दारं बंद. एक चुलतभाऊ म्हणाला, ‘हे भावकीत फिरवू नकोस, मुलींची स्थळं अडतील.’ एका काकांनी देवळात कौल लावून घेतला, घराण्याला कुठला दोष आहे का म्हणून. मी देवाला मानते, गाऱ्हाणं मीही घातलं. पण आत्या गेली तेव्हा तिच्या सासरी ‘हिने काहीतरी पथ्य मोडलं’ असं वर्षानुवर्षं बोलत होते, ते त्या रिपोर्टने एका ओळीत खोटं ठरवलं. तिचा काही दोष नव्हता.

माझं मत असं: सांगणं हे माझं कर्तव्य, तपासणी करणं किंवा न करणं हा ज्याचा त्याचा हक्क. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि मग सगळे गप्प बसतात. तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा.

ओहोळ

ताई, फार मोलाचं लिहिलंत. मी रत्नागिरीत पॅथॉलॉजिस्ट आहे, थोडी भर घालतो.

पहिली गोष्ट, सगळ्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्केच असे वारशाने येतात. घरात एकाला कॅन्सर झाला म्हणजे सगळ्यांनी धावत जाऊन जनुकं तपासावीत असं नाही. संशय कधी घ्यावा? पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर, कुठल्याही वयात ओव्हरीचा, पुरुषाला स्तनाचा, एकाच माणसाला दोन वेगळे कॅन्सर, किंवा एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना एकमेकांशी संबंधित कॅन्सर. अशा घरांनी नक्की विचारावं.

दुसरी गोष्ट, आणि इथे लोक पैसे घालवतात. तपासणी शक्यतो आधी आजारी माणसाची करायची. त्याच्यात नेमका बिघाड सापडला की बाकीच्यांना तेवढीच एक जागा तपासावी लागते. ते स्वस्तही पडतं आणि उत्तरही स्वच्छ मिळतं. सुरंगीताईंच्या घरात एखादी भाची निगेटिव्ह आली तर ती खरोखर सुटली, तिचा धोका चारचौघींइतकाच. पण आजारी माणसाची तपासणीच झालेली नाही आणि थेट निरोगी मुलीचं रक्त दिलं, रिपोर्ट निगेटिव्ह आला, तर त्याचा अर्थ काहीच लागत नाही. कदाचित तिच्यात बिघाड उतरला नाही, कदाचित घराण्यातला बिघाड आपण शोधलेल्या जनुकांत नाहीच. असा रिपोर्ट घेऊन पेढे वाटणारे लोक मी पाहिले आहेत, आणि मला त्यांची काळजी वाटते.

तिसरं, ‘व्हीयूएस’. म्हणजे जनुकात बदल दिसतो आहे पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे विज्ञानाला अजून ठरवता आलेलं नाही. जितकी जास्त जनुकं एका पॅनेलमध्ये तपासाल तितके असे बदल जास्त सापडतात. भारतीयांमध्ये ते अधिक सापडतात, कारण तुलनेसाठीचा साठा बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. व्हीयूएसवरून कुणीही ओव्हरी काढू नये, स्तन काढू नयेत, नातेवाइकांची धरपकड करू नये. पुढे वर्गीकरण बदललं तर बहुतेक वेळा तो बदल निरुपद्रवीच ठरतो. वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा विचारायचं.

रातांबा

मी दापोली तालुक्यात आशांची गटप्रवर्तक आहे. विषय चांगला आहे पण माझं मन थोडं वेगळीकडे ओढ घेतं, राग मानू नका.

आमच्या भागात बायका मशेरी लावतात. सकाळी एकदा, दुपारी एकदा, कितीजणी तर रात्री झोपतानाही. तोंडात पांढरा चट्टा दिसला तरी ‘उष्णता’ म्हणून सोडून देतात. अंगावरून पांढरं जातं, मधेच लाल जातं, तरी डॉक्टरकडे जात नाहीत. या बायकांना ब्राकाची तपासणी सांगून काय करू? तोंड बघणं, गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पाणी लावून बघणं, हाताने स्तन तपासणं, हे उपकेंद्रावर होऊ शकतं आणि त्याने जीव वाचतात. टाटाने मुंबईच्या वस्त्यांमध्ये हेच केलं. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगरच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी केले. स्तनांच्या हाताने तपासणीचाही वीस वर्षांचा अभ्यास आहे, दीड लाख बायकांचा. पन्नाशीपुढच्या बायकांत जवळपास ३० टक्के मृत्यू कमी झाले.

आणखी एक. तिशीपुढच्या प्रत्येकाचा आम्ही सीबॅक फॉर्म भरतो, आजारांचा धोका बघायचा. त्यात घरच्या इतिहासाचा प्रश्न आहे, पण रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराचा. घरात कॅन्सर कुणाला, कितव्या वर्षी, हे त्या रकान्यात विचारलेलं नाही. मी माझ्या आशांना सांगितलंय, वहीत वेगळं लिहून ठेवा.

ओहोळ

रातांबाताई, राग कसला, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. जनुकीय तपासणी ही त्या तपासण्यांची जागा घेऊच शकत नाही. तोंडाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा तंबाखू आणि एचपीव्ही या विषाणूमुळे होतो, घराण्यामुळे नव्हे. पण तुमच्या त्या वहीतल्या एका ओळीने एखादं घर सापडू शकतं. आईला अडतिसाव्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर तिच्या लेकीची मॅमोग्राफी पन्नाशीला सुरू करून भागत नाही.

मालवणी चेडू

माका ह्यो धागो वाचून रवाक नाय. माझी आवस गर्भाशयाच्या कॅन्सरान गेली, पन्नास पण पुरी नव्हती. तेव्हा डॉक्टरान इचारलेल्यान, घरात आणखी कोणाक हा काय? आमी नाय म्हटला. मगे कळला, मामाक आतड्याचो होतो, आणि आजयेक पोटात गाठ होती. कोणी कोणाक सांगूकच नाय. आता माझो भाऊस चाळीशीत इलो हा, त्येका अधनंमधनं संडासातसून रक्त पडता. तो म्हणता मूळव्याध. ह्या पण ब्राकाच काय?

ओहोळ

ताई, आधी भावाचं. उद्या नाही, आजच त्याला सर्जनला दाखवा. मूळव्याध असेलही, पण या इतिहासावर दुर्बीण घालून आतडं बघितल्याशिवाय मूळव्याध म्हणायचं नाही.

आता तुमचा प्रश्न. गर्भाशयाचा, म्हणजे आतल्या अस्तराचा, आणि आतड्याचा कॅन्सर एकाच घरात तरुण वयात दिसले की आम्हाला ब्राकाआधी लिंच सिंड्रोम आठवतो. त्याची जनुकं वेगळी: एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६, पीएमएस-२. डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका दुरुस्त करणं हे त्यांचं काम. ते बिघडलं की चुका साठत जातात. इथेही मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी.

लिंचमध्ये करण्यासारखं खूप आहे, म्हणून हे घराण्यात कळणं फार महत्त्वाचं. दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची ती दुर्बिणीची तपासणी, केली तर कॅन्सर होण्याआधीच्या गाठी तिथल्या तिथे काढता येतात. ॲस्पिरिनवरही चांगला अभ्यास झाला आहे. रोज ६०० मिलिग्रॅम दोन वर्षं घेतलेल्या लिंचच्या लोकांत पुढे आतड्याचे कॅन्सर कमी झाले. पण कृपा करून हे वाचून कुणी स्वतःहून गोळ्या सुरू करू नका, पोटात रक्तस्राव होतो.

तुमच्या आईंचं ऑपरेशन कुठे झालं होतं? त्यांचा ब्लॉक मिळू शकेल का?

मालवणी चेडू

गोव्याक, बांबोळीक. आमचे सगळे थयच जातत. ब्लॉक म्हणजे काय ता माका कळाक नाय, पण फायल आसा घरात.

भरतीओहोटी

मी रोज वाचतो, लिहीत नाही. आज लिहावं लागलं.

माझी बायको दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरने गेली. तिचा बीआरसीए-२ पॉझिटिव्ह रिपोर्ट माझ्या कपाटात आहे. आम्हाला एकच मुलगी, चोवीस वर्षांची, पुण्यात नोकरी करते. तिला मी सांगितलेलं नाही. तिचं लग्न ठरतंय, मुलगा चांगला आहे, घर देवगडचं, ओळखीतलं. मी सांगितलं तर ती त्यांना सांगणार, तिचा स्वभावच तसा आहे. आणि मग ते काय करतील हे मला माहीत आहे. लग्नानंतर सांगितलं तर चालणार नाही का? एका बापाला यात काय चुकीचं वाटायला हवं ते समजावून सांगा, मी ऐकेन.

सुरंगी

दादा, तुम्ही लिहिलंत याबद्दल आधी मनापासून आभार. आई गमावलेल्या मुलीच्या लग्नाची काळजी काय असते ते मला कळतं.

पण तो रिपोर्ट ज्या गोष्टीबद्दल आहे ती गोष्ट तिच्या अंगात असू शकते, तुमच्या कपाटात नाही. चोवीस वर्षांची मुलगी सज्ञान आहे. पॉझिटिव्ह असलेल्यांना पंचविशीपासून स्तनांचा एमआरआय सुचवतात, म्हणजे तिची वेळ आता आली आहे. लग्नानंतर सांगाल तेव्हा ती विचारेल, ‘बाबा, तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?’ आणि निम्मी शक्यता अशीही आहे की ती निगेटिव्ह निघेल.

सासरच्यांना सांगायचं की नाही हा निर्णय तिचा. तुमचा नाही, माझा तर नाहीच. होणाऱ्या नवऱ्याला सांगावं असं मला स्वतःला वाटतं, कारण मुलं कधी होऊ द्यायची याचा विचार दोघांना मिळून करावा लागतो. सासू-सासरे, नणंदा, मावससासू, यांना सांगायचं काही बंधन नाही.

खाडीपलीकडे

भरतीओहोटी काका, मी तुमच्या मुलीच्या जागी होते म्हणून लिहिते. वय सत्तावीस. माझी आई जिवंत आहे, पण तिचा रिपोर्ट माझ्यापासून लपवला गेला आणि मला तो मावशीच्या तोंडून एका लग्नाच्या मांडवात कळला. कॅन्सरच्या धोक्यापेक्षा ते जास्त लागलं. आपल्याबद्दलची गोष्ट आपण सोडून सगळ्यांना माहीत होती.

मी अजून तपासणी केलेली नाही. समुपदेशनाला जाऊन आले, सगळं समजून घेतलं आणि म्हटलं, आत्ता नको. मला आत्ता उत्तर घेऊन जगायचं नाही. पण एमआरआय मी सुरू केला आहे, जणू पॉझिटिव्ह आहे असं धरून. डॉक्टरांनी याला विरोध केला नाही. न कळण्याचाही हक्क असतो, पण तो मी वापरायचा, माझ्या वतीने बाबांनी नाही.

जांभा

मी वकील आहे, चिपळूणला. विम्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

अमेरिकेत २००८ च्या कायद्याने जनुकीय माहितीवरून आरोग्य विमा आणि नोकरी नाकारायला बंदी आहे. आयुर्विमा मात्र त्यात येत नाही. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयात एका हृदयरोग्याचा खटला आला. आजार ‘जनुकीय’ आहे म्हणून कंपनीने दावा फेटाळला होता. न्यायालयाने म्हटलं की ‘जनुकीय विकार’ असा सरसकट शब्द वापरून लोकांना वगळणं हे समानतेच्या तत्त्वाला, म्हणजे घटनेच्या कलम १४ ला धरून नाही. त्यानंतर विमा नियामकानेही कंपन्यांना तशा कलमावर दावे न फेटाळण्याविषयी कळवलं. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा या निकालावर सगळा भार टाकू नका.

माझा व्यवहारी सल्ला: तपासणीआधी आपली आणि मुलांची आरोग्य पॉलिसी घेतलेली असावी. हे लबाडीचं नाही, शहाणपणाचं आहे. पण अर्जात स्पष्ट प्रश्न विचारला असेल तर खोटं लिहू नका. पुढे दावा त्याच्यावरच अडतो आणि मग आम्हालाही काही करता येत नाही.

अवांतर: घरपोच थुंकीची डबी पाठवून ‘तुमचे पूर्वज आणि तुमचे आजार’ सांगणाऱ्या कंपन्यांपासून जपून. अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीकडून २०२३ साली जवळपास ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली, आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, जनुकं बदलता येत नाहीत.

ओहोळ

जांभा यांच्या अवांतराला पुरवणी. त्याच कंपनीच्या तपासणीला २०१८ मध्ये पहिल्यांदा मान्यता मिळाली ती ब्राकाच्या फक्त तीन बदलांसाठी. ते तीन मुख्यतः पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यू लोकांत आढळतात. ज्ञात घातक बदल हजाराच्या वर आहेत. म्हणजे गुहागरच्या बाईने ती करून ‘निगेटिव्ह’ आलं तर त्याला कागदाचीही किंमत नाही. आपल्याकडे रायगडात बेने इस्रायल हा ज्यू समाज आहे, त्यांच्यापैकी एकांनी मला मागे विचारलं होतं. त्यांचा इतिहास अश्केनाझींहून वेगळा आहे, ते आकडे त्यांना तसेच लावू नयेत. त्यांनीही पूर्ण तपासणीच करावी.

रातांबा

एक शंका. आमच्याकडे जातीतल्या जातीत, ठरावीक गावांतच लग्नं होतात. त्याने हे वाढतं का?

ओहोळ

चांगला प्रश्न, पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थॅलेसेमियासारख्या आजारात आई आणि बाप दोघांकडून बिघडलेलं जनुक यावं लागतं, तिथे आपापसातली लग्नं थेट धोका वाढवतात. भारतातल्या आणि शेजारच्या देशांतल्या २६३ समाजांचा अभ्यास २०१७ साली झाला. त्यातले ८१ समाज इतक्या थोड्या मूळ माणसांपासून वाढलेले निघाले की त्या बाबतीत अश्केनाझी आणि फिनलंडचे लोकही मागे पडतात. ब्राका आणि लिंचचं तसं नाही, एकाच बाजूने आलेलं जनुक पुरतं. मात्र बंद समाजात एकच जुना बदल अनेक घरांत पसरलेला असू शकतो. तो सापडला तर सगळ्यांची तपासणी सोपी होईल. त्याला एक बाजू अशीही आहे की मग त्या समाजावरच शिक्का बसतो. म्हणून असे अभ्यास करताना समाजाला विश्वासात घेऊन करायला हवेत.

भरतीओहोटी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. खाडीपलीकडे, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. मुलगी गणपतीला येणार आहे, पण घरात पंचवीस माणसं असतील, तिथे नको. त्याआधी मीच पुण्याला जातो. सुरंगीताई, सांगायचं कसं? माझ्याच्याने शब्द फुटत नाहीत.

सुरंगी

दादा, आमच्या समुपदेशक बाईंनी आम्हाला एक पत्र तयार करून दिलं होतं, नातेवाइकांसाठी. दवाखाना स्वतःहून कुणाच्या घरी फोन करत नाही, रुग्णाची माहिती ते बाहेर देत नाहीत. सांगायचं काम आपलंच. पत्रात एवढंच असतं: घराण्यात अमुक जनुकात अमुक बदल सापडला आहे, तो तुमच्यात असण्याची शक्यता इतकी आहे, तपासणी ऐच्छिक आहे, आणि माहिती हवी असेल तर कुठे जावं. कुणाचा रिपोर्ट, कुणाला कॅन्सर, हे त्यात लिहायची गरज नसते. मी ते भावकीत प्रत्येक घरी दिलं, बंद पाकिटात, बायकांच्या हातात. ‘स्थळं अडतील’ म्हणणारे ते चुलतभाऊ अजून बोलत नाहीत माझ्याशी. पण त्यांच्या मोठ्या मुलीचा मला फोन आला.

तुम्ही पत्र वाचून दाखवा, किंवा नुसतं हातात द्या आणि शेजारी बसा. रिपोर्टची प्रत सोबत न्या, नेमका बदल त्यावर लिहिलेला असतो आणि तिच्या तपासणीला तोच लागतो. लगेच ‘चल, रक्त देऊ’ म्हणू नका. टाटाचं कॅन्सर जेनेटिक्सचं क्लिनिक आहे, पुण्यातही समुपदेशक आहेत. आधी तिला एकटीला बोलू द्या.

खाडीपलीकडे

माझा धाकटा मावसभाऊ बारा वर्षांचा आहे, त्याच्या आईला त्याचीही तपासणी करून टाकायची आहे. ‘एकदाचं कळू दे’ म्हणते. योग्य आहे का?

ओहोळ

ब्राकासाठी अजिबात नाही. लहानपणी करण्यासारखा उपाय नाही, मग त्याच्या मोठेपणीचा निर्णय आज आपण का घ्यायचा? अठरा पूर्ण होऊ देत, त्याला ठरवू दे. मुलग्यांसाठीही ते निरर्थक नसतं. बीआरसीए-२ मध्ये पुरुषांना प्रोस्टेटचा धोका वाढतो, चाळिशीपासून लक्ष ठेवावं लागतं. काही आजारांत मात्र मुलांची तपासणी करावीच लागते, कारण धोका बालपणीच सुरू होतो. डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा, किंवा आतड्यात शेकड्यांनी गाठी होणारा एफएपी. एफएपीच्या घरात दहा-बाराव्या वर्षापासून दुर्बिणीने बघतात.

मालवणी चेडू

भावाशीक घेवन गेलंय. कोलोनोस्कोपी झाली. दोन गाठी गावल्यो, काढल्यानी, तपासूक दिल्यानी. कॅन्सर दिसना नाय म्हणालो डॉक्टर, पण रिपोर्ट येवचो आसा. फायलीत आवशीचो कागद गावलो, थयसर ‘ब्लॉक नंबर’ म्हणान लिवलेला आसा. तुमी इचारलेल्यात तोच मां?

ओहोळ

हो, तोच. फार चांगलं केलंत. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात, तोच ब्लॉक. माणूस गेल्यावरही त्याच्यावर तपासणी होऊ शकते. आईंच्या ब्लॉकवर आधी आयएचसी नावाची तपासणी करायची. लिंचच्या चार जनुकांची प्रथिनं गाठीत आहेत की नाहीत ते तिच्यात दिसतं, आणि जनुकांच्या पूर्ण तपासणीपेक्षा ती बरीच स्वस्त असते. एखादं प्रथिन नसेल तर पुढे तुमच्या भावाचं रक्त, आणि मग तुमचं.

बांबोळीला पॅथॉलॉजी विभागात तो नंबर, मृत्यूचा दाखला आणि तुमचं आधार घेऊन जा, लेखी अर्ज द्या. ब्लॉक किती वर्षं ठेवायचे याचा नियम जागोजागी वेगळा असतो, म्हणून उशीर करू नका. हातात मिळाला तर उन्हात किंवा गाडीच्या काचेखाली ठेवू नका, मेण वितळतं. भावाच्या गाठींचा रिपोर्ट आला की इथे टाका, नाव आणि नंबर झाकून.